पालथी नाव

आम्ही मोजायला आलो होतो.
चैत्र सरत आलेला, टेपची पोलादी पट्टी
हातात धरवत नव्हती.
लांबी एकेचाळीस फूट, रुंदी साडेअठरा,
भिंतीची जाडी दोन फूट नऊ इंच.
एवढ्याशा देवळाला एवढी भिंत कशाला, मी म्हटलं.
किल्ल्या सांभाळणारे शांतवन रणभिसे म्हणाले,
बाई, दुपारी बाराला रस्त्यावर उभ्या राहा,
मग आत या, मग विचारा.

मागच्या वर्षी मी कोकणात होते, खाडीच्या तोंडाशी,
पोर्तुगीज अमदानीतल्या एका चर्चचा नकाशा काढत.
तेही एवढंच. बारा बाकं मांडली की भरेल असं.
तिथली भिंतही अशीच जाड,
पण ती वाऱ्यासाठी, आणि तोफेच्या भीतीने.
खिडक्या उंच, अरुंद,
डोळे बारीक करून क्षितिज बघणाऱ्या तांडेलाच्या.
चुन्यात शिंपल्यांचे तुकडे,
नखाने खरवडलं की जिभेला खारट लागायचं.
वेदीच्या जागी वडाचं मूळ.
आणि वर छप्पर नाही, नुसतं आभाळ;
भिंतींच्या माथ्यावर वाशांच्या खोबण्या तेवढ्या,
दात पडलेल्या हिरडीसारख्या.

इथे छप्पर आहे.
शिडी लावून चढले, टॉर्च दातांत धरून.
कबुतरांची घाण, एक फाटका पतंग,
आणि वासे.
एकही सरळ नाही.
बाभळीची बाकदार लाकडं, निवडून निवडून घेतलेली,
मधल्या कण्याला दोन्ही अंगांनी येऊन भिडलेली,
फासळ्यांसारखी.
फळ्यांच्या फटींत गिरणीतल्या टाकाऊ सुताचा पीळ
तेलात, राळेत भिजवून ठोकलेला.
पाणी आत येऊ नये म्हणून!
सोलापुरात!
जिथे आषाढातसुद्धा आम्ही
घागरी घेऊन टँकरची वाट बघतो.

खाली येऊन हिशेबाची वही मागितली.
वाळवीने कडा खाल्लेल्या, शाई विटकरी झालेली.
मोठ्या दुष्काळानंतरचं कुठलंसं साल.
वडारांस काळ्या दगडाचे अमुक,
चुनेवाल्यास तमुक,
"समुद्राकडील सुतारास रुपये सात, ज्वारी दोन पायली."
बस. पुढच्या पानावर घंटेचा दोर.

तर असा तो आला होता.
कशाला, कोण जाणे. गिरणीत माग बसवायला आला असेल,
किंवा आगबोटी आल्यावर गलबतांचं काम बुडालं असेल.
त्याला कुणी सांगितलं असेल, छप्पर कर.
त्याला छप्पर येत नव्हतं.
त्याला एकच गोष्ट येत होती,
ती त्याने केली
आणि पालथी घातली.
वहीत त्याचं नाव नाही.
नाव वर आहे.

संध्याकाळी पायरीवर फॉर्म भरायला बसले.
छताचा प्रकार: कौलारू, पत्रा, धाब्याचं, इतर.
'इतर'वर खूण केली. पुढच्या रेघेवर होडी लिहिलं,
खोडलं, पुन्हा लिहिलं.
टेपचं दुसरं टोक दिवसभर धरून दमलेला नरसय्या म्हणाला,
मॅडम, ऑफिसात हसतील.
हसू देत.

समोर गिरणीचं धुरांडं, त्यावर पिंपळाचं रोप.
रणभिसेंनी भाकरी आणि शेंगाचटणीचा डबा पुढे सरकवला
आणि मधेच विचारलं,
त्या तुमच्या समुद्राकाठच्या देवळाला छप्पर नाही म्हणालात?
नाही, मी म्हटलं.
मग ते हेच.

मी त्यांना चारशे वर्षं आणि सव्वाशे वर्षं
यांतलं अंतर समजावून सांगितलं,
सागवान आणि बाभूळ यांतलंसुद्धा.
ते हं, हं करत
कुलूप लावून
दोनदा ओढून बघत होते.